घाटमाथ्यावरचे सागरगोटे

सागरगोटे हे मराठी मुलखातील मुलींच्या एका जुन्या खेळाचे नाव आहे, आणि ज्या बियांनी तो खेळला जातो त्या बियांनाही तेच नाव आहे. काही बिया जमिनीवर पसरायच्या, त्यांतील एक वर उडवायची, ती खाली येण्याच्या आत जमिनीवरची एक उचलून त्याच हाताने वरची झेलायची, मग दोन-दोन, मग तीन-तीन आणि शेवटी सगळ्या एकदम उचलायच्या, असा त्याचा क्रम असतो. अनेक ठिकाणी सर्व बिया उडवून त्या पालथ्या हातावर झेलण्याची पायरीही त्याला जोडलेली असते. वस्तू उडवणे आणि झेलणे या कौशल्यावर उभे असलेले खेळ जगात सर्वत्र आढळतात, पण त्यांच्या साधनांना मिळालेली नावे इतकी वेगवेगळी आहेत की, त्यांचा मागोवा घेतला तर वनस्पतींचा प्रवास, व्यापाराच्या वाटा आणि भाषांचे शेजार यांचा बराच इतिहास हाती लागतो. हा मागोवा बुलढाणा जिल्ह्यातून घेणे विशेष फलदायी आहे, कारण समुद्रापासून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या या जिल्ह्यात मुलींच्या हातातील खेळण्याने आपल्या नावात सागर बाळगलेला आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे लोकव्यवहारात दोन भाग मानले जातात: अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा तो घाटावरचा आणि पूर्णेच्या खोऱ्यातला तो घाटाखालचा. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळते, तर याच रांगेत उगम पावणारी पैनगंगा आपले पाणी गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला नेते. भाषांच्या बाबतीतही हा जिल्हा असाच सीमेवर उभा आहे. दक्षिणेकडील राजवटींचा त्यावर दीर्घकाळ अंमल होता, उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे हिंदीचा प्रदेश आहे, आणि वऱ्हाडी बोलीने या दोन्ही बाजूंचे शब्द आपल्यात मुरवून घेतले आहेत. सागरगोट्याचे दुसरे मराठी नाव गजगा हे या मिश्रणाचेच उदाहरण आहे. मात्र त्याकडे वळण्यापूर्वी मूळ बी नीट पाहिली पाहिजे.

सागरगोट्याची वेल म्हणजे कुंपणांवर आणि झुडपांवर चढणारी, अंगभर वाकडे काटे असलेली वनस्पती होय. तिची शेंगही काटेरी असते आणि त्या शेंगेत साधारणपणे एक किंवा दोन बिया असतात. बी दीड-दोन सेंटिमीटरांची, राखाडी, गुळगुळीत आणि अतिशय टणक असून तिच्या पृष्ठभागावर बारीक वर्तुळाकार रेषा दिसतात. हे टणक कवच पाणी आत शिरू देत नाही आणि आत पोकळी राहत असल्यामुळे बी पाण्यावर तरंगते. यामुळेच ती समुद्रप्रवाहांबरोबर फार दूर जाते, किनाऱ्याला लागते आणि कवच झिजल्यावर रुजते. उष्ण कटिबंधातील जवळजवळ सर्व किनाऱ्यांवर ही वेल आढळण्याचे कारण हेच आहे. किनाऱ्यावर वाळूत सापडणाऱ्या आणि गोट्यासारख्या दिसणाऱ्या बीला सागरगोटा म्हणावे, यात वर्णन आणि नाव यांचा नेमका मेळ आहे. वेल देशावर आणि वऱ्हाडात कुंपणाला लागली, तिथल्या मुलींना बी शेतातच मिळू लागली, तरी नावातील सागर तसाच राहिला. खेळासाठी या बीचे गुण असे आहेत की दुसऱ्या कशाने त्यांची बरोबरी होत नाही: ती हलकी असल्याने बोटांना लागत नाही, गुळगुळीत असल्याने ओंजळीतून सहज सुटते आणि टणक असल्याने पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दगडावर घासली की ती चटकन तापते, आणि तिचा चटका शेजारच्या मुलाला देण्याचा खोडकरपणाही महाराष्ट्रातील अनेक गावांना ठाऊक आहे.

गोटा हा या नावाचा दुसरा भाग आर्यभाषांच्या एका मोठ्या शब्दकुलातला आहे. राल्फ टर्नर यांनी १९६० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात गोल वस्तू या अर्थाचे एक पुनर्रचित मूळ रूप दिले आहे, म्हणजे कोणत्याही ग्रंथात प्रत्यक्ष न सापडणारे, पण आजच्या भाषांतील रूपांची तुलना करून अनुमानाने ठरवलेले रूप. मराठीतील गोटा आणि गोटी यांचा संबंध तिथे लागतो. बंगालीत याच खेळाला पाँच गुटी म्हणतात, नेपाळीत गट्टा, आणि हिंदी प्रदेशात गिट्टे किंवा गुट्टे. बंगाली गुटी ही संस्कृत गुटिकेची, म्हणजे लहान गोळीची, वंशज आहे आणि मराठी घरातील बाळगुटीतील गुटीही तीच. काही घरांत बाळगुटीच्या उगाळण्याच्या द्रव्यांमध्ये सागरगोटाही असतो, त्यामुळे एकच बी थोरल्या मुलीच्या ओंजळीत आणि तान्ह्या भावाच्या सहाणेवर अशा दोन्ही ठिकाणी असे. आयुर्वेदात तिला लताकरंज, कंटकी करंज आणि कुबेराक्ष, म्हणजे कुबेराचा डोळा, अशी नावे आहेत, आणि तापावरील औषध म्हणून तिचा उपयोग सांगितला आहे. इंग्रजांनीही तिला तापाची बी या अर्थाचे नाव दिले होते.

शब्दांच्या सारखेपणावरून लगेच नाते जोडणे धोक्याचे असते, हे मात्र याच ठिकाणी सांगायला हवे. पंजाबीत गीटा म्हणजे खेळाचा खडा आणि गिट्टा म्हणजे पायाचा घोटा. जगाच्या दुसऱ्या भागात हाच खेळ मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळला जात असल्यामुळे या दोन शब्दांना एकत्र बांधण्याचा मोह सहज होतो. परंतु उच्चार जुळणे आणि अर्थ जवळ असणे एवढ्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. त्यासाठी मधल्या काळातील रूपे आणि ध्वनिबदलांचे नियम दोन्ही जुळावे लागतात.

या कसोटीला उतरणारी आणि तरीही थक्क करणारी व्युत्पत्ती बीच्या शास्त्रीय नावात दडलेली आहे. कार्ल लिनिअस याने १७५३ मध्ये या वनस्पतीला ग्विलँडिना बोंडुक असे नाव दिले. त्यातील पहिला शब्द सोळाव्या शतकातील पादुआ येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख मेल्कियोर ग्विलांडिनुस यांच्या स्मरणार्थ आहे. पुढे विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वनस्पतींवरील ग्रंथात तिला सिसॅलपिनिया या प्रजातीत घातले गेले, आणि २०१६ मधील फेरवर्गीकरणानंतर तज्ज्ञ पुन्हा ग्विलँडिना हे नाव वापरू लागले. या सगळ्या उलथापालथीत बोंडुक हा शब्द टिकून राहिला. तो अरबी बुंदुक या शब्दावरून आला आहे. बुंदुक म्हणजे हेझलनट हे युरोप आणि पश्चिम आशियातील कवचीचे फळ, आणि भारतातून जाणाऱ्या या टणक बीला अरबीत भारतीय बुंदुक म्हणत. अरबी शब्द स्वतः ग्रीकमधून आलेला आहे: ग्रीक लोक या फळाला पोंतिकोन, म्हणजे पोंतोसचे फळ, म्हणत, कारण ते काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोंतोस या प्रदेशातून येई, आणि या प्रदेशाला नाव मिळाले ते पोंतोस या ग्रीक शब्दावरून, ज्याचा अर्थ समुद्र असा आहे.

म्हणजे मराठीने या बीला सागराचा गोटा म्हटले आणि ग्रीक, अरबी व लॅटिन अशा लांबच्या वाटेने आलेल्या शास्त्रीय नावाच्या तळाशीही समुद्रच निघाला. या दोन नामकरणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मराठी नाव बीच्या स्वभावावरून पडले, तर दुसऱ्या नावातील समुद्र वेगळ्याच फळाच्या बाजारपेठेवरून आला. तरीही शब्दांच्या इतिहासात इतका सुंदर योग क्वचितच भेटतो. याच बुंदुक शब्दाची आणखी एक शाखा मराठीत रोजच्या वापरात आहे. अरबीत त्याचा अर्थ कवचीच्या फळावरून गोळी असा झाला, गोळीवरून ती फेकणाऱ्या हत्याराला ते नाव मिळाले, आणि फारसीच्या मार्गाने बंदूक हा शब्द मराठीत येऊन स्थिर झाला. सागरगोट्याचे शास्त्रीय नाव आणि बंदूक हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, ही गोष्ट शाळेतील मुलांना सांगण्याजोगी आहे.

गजगा हे नाव मात्र पश्चिमेकडून आलेले नाही; त्याचे सोयरे दक्षिणेत आहेत. कन्नडमध्ये याच बीला गज्जुग म्हणतात आणि तेलुगूत गच्चकाय. तेलुगू नावातील काय या भागाचा अर्थ फळ असा आहे. तेलुगूत या खेळाला अच्चनगायलु असे नाव आहे आणि त्याच्या शेवटी हेच काय अनेकवचनात आलेले असल्यामुळे, आज तो खड्यांनी खेळला जात असला तरी नाव फळांचे आहे. महाराष्ट्रातील खेळांच्या शब्दसंग्रहात दक्षिणी भाषांचा वाटा किती मोठा आहे, याचा ठळक पुरावा विटीदांडूत मिळतो. वकट, लेंड, मूंड, नाल ही त्या खेळातील मोजणी तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या एक ते चार अंकांपासून फारशी दूर नाही. मुले मोठ्या माणसांची भाषा बदलल्यानंतरही खेळाचे शब्द तसेच पुढे नेतात, कारण त्यांना अर्थाची गरज नसते, ठेक्याची असते. वऱ्हाडच्या इतिहासात या शेजाराला भरपूर आधार आहे. कन्नडला आश्रय देणाऱ्या राष्ट्रकूट आणि कल्याणीच्या चालुक्य घराण्यांची सत्ता या भागापर्यंत होती. पुढे १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडवर राज्य करणाऱ्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा, फरिश्ता या इतिहासकाराच्या नोंदीनुसार, विजयनगरच्या प्रदेशातील कन्नड ब्राह्मण कुळात जन्मलेला होता. राजे खेळण्यांना नावे देत नाहीत. पण सैन्य, कारागीर, व्यापारी आणि लग्न होऊन येणाऱ्या मुली यांच्या येण्याजाण्याने शब्द स्थलांतर करतात, आणि त्या येण्याजाण्याला राजवटी वाट मोकळी करून देतात.

दक्षिणेत या बीला जी प्रतिष्ठा मिळाली ती अन्यत्र कोठेही मिळालेली नाही. तमिळमध्ये या बीला आणि तिच्या खेळाला कळंगु म्हणतात (यातील ळ हा तमिळचा खास, जीभ मागे वळवून उच्चारला जाणारा वर्ण आहे), आणि दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या असलेल्या संगम साहित्यात नदीकाठच्या वाळूवर कळंगु खेळणाऱ्या मुलींचे उल्लेख आहेत. त्याच साहित्यात मुरुगन देवाचा पुजारी याच बिया टाकून कौल पाहतो. याच बीवरून कळंजु हे सोने तोलण्याचे वजन ठरले. चोळ राजा पहिला राजराज याने तंजावरचे बृहदीश्वर मंदिर बांधले, तेव्हाच्या शिलालेखांत देवाला दिलेल्या सोन्याची मोजदाद कळंजु आणि मंजाडी या बीजवजनांत केलेली आहे. वीस मंजाडींचा एक कळंजु होई. मराठी सोनाराच्या तराजूतील गुंज याच परंपरेतली. एकाच शब्दमुळात खेळ, शकुन आणि सोने एकत्र येतात, याचे कारण बियांच्या निसर्गदत्त एकसारखेपणात आहे: आकार आणि वजन जवळपास सारखे असलेल्या वस्तू झेलायलाही सोप्या आणि तोलायलाही विश्वासाच्या.

तमिळनेच याच्याही पुढचे पाऊल टाकले. अम्मानै हे मुलींनी उडवून झेलायच्या चेंडूंचे किंवा गोट्यांचे नाव. खेळताना एकीने प्रश्न गावा, दुसरीने उत्तर द्यावे आणि तिसरीने शेवट करावा, अशी त्याच्या गाण्यांची घडण. या घडणीला काव्यप्रकाराचे रूप आले आणि माणिक्कवाचकर या शैव संतकवीच्या तिरुवाचकम् या ग्रंथात तिरुवम्मानै नावाचा स्वतंत्र भागच आहे. खेळण्याचे नाव काव्यप्रकाराला मिळणे ही कोणत्याही भाषेच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मराठीत भोंडल्याची, झिम्म्याची आणि वऱ्हाड-खानदेशातील भुलाबाईची गाणी संग्रहित झाली, पण सागरगोट्यांच्या खेळाभोवती बोलले जाणारे शब्द तितक्या आस्थेने नोंदवले गेले नाहीत, ही खंत नोंदवली पाहिजे.

भारताबाहेर पाहिले तर नावांची दिशा बदलते. अनेक भाषांनी पदार्थाऐवजी संख्येला मान दिला. दुसऱ्या शतकातील ग्रीक कोशकार पोलक्स याने पेंतेलिथा, म्हणजे पाच दगड, नावाच्या खेळाचे वर्णन केले आहे, आणि त्यात उडवलेले खडे पालथ्या हातावर झेलण्याची तीच पायरी आहे जी मराठी मुलींना ठाऊक आहे. तुर्की आणि हिब्रू भाषांतील आजची नावेही पाच दगड याच अर्थाची आहेत, आणि ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेत त्याच खेळाला पाच मारिया म्हणतात. पाच या आकड्याचे कारण बहुधा हाताच्या मुठीतच शोधावे लागेल. फ्रेंच नाव मात्र हाडुके या अर्थाचे आहे, कारण युरोपात हा खेळ मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळला जाई. हर्क्युलेनियम येथे सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या एका संगमरवरी फलकावरील चित्रात स्त्रिया अशीच हाडे खेळताना दिसतात. आज हाडांच्या जागी धातू आणि प्लास्टिक आले, पण नाव हाडाचेच राहिले. जपानी ओतेदामा या नावात हात आणि चेंडू हे दोन शब्द आहेत, आणि त्या चेंडूंत बहुधा अझुकी जातीचे कडधान्य भरलेले असते.

सागरगोट्याची बी युरोपातही पोहोचली होती, पण तिथे ती खेळणे झाली नाही. समुद्रप्रवाहाने स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर वाहत येणाऱ्या अशा बियांना तिथले लोक मोलुक्काच्या बिया म्हणत. मार्टिन मार्टिन याने १७०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या बेटांच्या वर्णनात, मुलाला दृष्ट लागू नये म्हणून पांढरी बी गळ्यात बांधण्याची चाल नोंदवली आहे. ज्या किनाऱ्यावर वेल उगवत नाही, तिथे कोठून आली हे न कळणारी बी ताईत झाली.

या नावांच्या शेजारी कारखान्यात जन्मलेल्या खेळण्याचे नाव ठेवून पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरवून उंच उडवायची आणि परत दोरीवर झेलायची डमरूच्या आकाराची चकती मूळची चीनची. तिथल्या एका नावाचा अर्थ पोकळ बांबू असा होतो, कारण फिरताना पोकळ बांबूतून नाद निघे. फ्रान्समध्ये ती आली तेव्हा तिला सैतान म्हटले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गुस्ताव्ह फिलिपार या अभियंत्याने तिची सुधारलेली आवृत्ती काढून, आरपार फेकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून डायबोलो हे नाव घडवले, आणि ते आज जगभर जसेच्या तसे चालते. त्या नावाला कर्ता आहे आणि हक्कपत्र आहे. सागरगोट्याच्या नावांना कर्ता नाही. ती शेतकरणींच्या, गवळणींच्या आणि शाळेतून परतणाऱ्या मुलींच्या बोलण्यात घडली, आणि म्हणूनच त्यांत त्या त्या प्रदेशाचे झाड, हाड, मोजमाप आणि शेजारी जपले गेले.

या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्याचे महत्त्व अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत निहाली ही भाषा बोलली जाते, जिचा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी संबंध सिद्ध झालेला नाही. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून दाखवले की, तिने शेजारच्या कोरकू, मराठी, हिंदी आणि द्राविडी भाषांकडून पुष्कळ शब्द घेतले असले, तरी सुमारे चौथा हिस्सा शब्द कोणाशीच जुळत नाहीत. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. कोरकू ही तिची शेजारीण मुंडा कुळातली, म्हणजे संथाळीची नातलग. याशिवाय जिल्ह्यात वऱ्हाडी, उर्दू आणि बंजारा समाजाची गोरमाटी रोज बोलल्या जातात. उडवून झेलण्याच्या खेळाला आणि त्याच्या प्रत्येक पायरीला या सर्व भाषांत काय म्हणतात, हे एकाच जिल्ह्यात फिरून जमवता येईल, अशी जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच सापडेल.

हे काम मोठ्या संस्थेचीच वाट पाहणारे नाही. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर, संग्रामपूर अशा तालुक्यांतील मराठीच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थिनींना आजीकडे पाठवून खेळाचे नाव, खड्यांची संख्या, पायऱ्यांची नावे आणि झेल चुकला की म्हणायचा शब्द एवढे जरी गावाच्या नावासह वहीत उतरवून आणायला सांगितले, तरी भाषेच्या अभ्यासकांना आजवर न मिळालेले साहित्य मिळेल. ज्या स्त्रियांनी हे खेळ अंगणात खेळले त्या आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या आहेत, त्यामुळे ही नोंद याच वर्षी सुरू व्हावी.